आकड्याला आडनाव असतं



या सदरात आम्ही दर महिन्याला घरातली एखादी वस्तू घेतो आणि तिच्यामागचं विज्ञान सांगतो. या महिन्याची वस्तू आहे पावडरीचा एक डबा, आणि त्याच्यासोबत आहे आमची स्वतःची एक चूक. ही चूक सांगायला शरम वाटते, कारण बीएड करून इतकी वर्षं आम्ही वर्गात नेमका हाच धडा शिकवत आलो आहोत. लिहावं की नाही, या विचारात होतो. शेवटी अम्मीच म्हणाली, "लिही. लपवून काय मिळणार? दुसऱ्या कुणाच्या अम्मीला तरी उपयोग होईल." म्हणून लिहीत आहोत.

मागच्या पावसाळ्यात अम्मीला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण अंगातली ताकद काही परत येईना. वय ७२, वजन जेमतेम ४८ किलो आणि त्यात साखर किंचित वाढलेली. आहारतज्ज्ञ बाईंनी चिठ्ठी दिली. दिवसाला १,४०० कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत, त्यातल्या हजार जेवणातून आणि उरलेल्या ४०० पावडरीच्या दुधातून. जी पावडर त्यांनी सुचवली होती, तिची दोन मापं पुरेशी होती. दोन आठवडे तसं चाललं.

मग आमचा धाकटा भाऊ सुट्टीवर आला. तो आखातात नोकरीला आहे. अम्मीसाठी त्याने तिथल्या दुकानातून पावडरीचे चार मोठे डबे आणले होते. परदेशी माल, चकचकीत डबा, भावाचं प्रेम. इथली पावडर संपल्यावर आम्ही तो डबा फोडला. डब्यावर लिहिलं होतं की एका वेळचं माप ५० ग्रॅम, आणि ऊर्जेच्या रकान्यात आकडा होता ८४०. त्याच्या शेजारी दुकानदाराने किमतीचं स्टिकर चिकटवलेलं होतं.

आम्ही मनातल्या मनात हिशेब केला. चिठ्ठीत ४०० लिहिलंय, इथे एका मापात ८४० आहेत, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. साखरेच्या पेशंटला इतकं नको. अर्धं माप दिलं की ४२० होतात, झालं काम. त्या दिवसापासून अम्मीला रोज संध्याकाळी अर्धं माप पावडर दुधाऐवजी पाण्यात घालून मिळू लागली.

तिसऱ्याच दिवशी अम्मी म्हणाली, "बेटा, हे पातळ लागतंय. पोट भरत नाही." आम्ही म्हणालो, "अम्मी, परदेशी पावडर आहे. थोडीशीच घ्यायची असते. ४२० कॅलरी झाल्या तुझ्या." आठवड्याने ती पुन्हा म्हणाली, "रात्री भूक लागते गं." आम्ही पुन्हा तोच आकडा सांगितला. त्यानंतर ती काही बोलली नाही. सब्र करणं तिला कुणी शिकवावं लागत नाही.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेलो. वजन वाढायला हवं होतं, ते उलट दीड किलोने घटलं होतं. डॉक्टर गोंधळले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड पाहिलं, छातीचा फोटो काढला. अम्मीच्या हाताला सुयांचे निळे डाग पडले. सगळे रिपोर्ट ठीक निघाले. तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "खायला नक्की काय काय देता, ते सगळं लिहून आणा. डब्यावरचं सुद्धा."

त्या रात्री आमची धाकटी मुलगी टेबलावर वही घेऊन बसली आणि डब्यावरचं एकेक उतरवू लागली. ती नववीत आहे. किमतीचं स्टिकर तिला आड येत होतं, म्हणून तिने ते नखाने सोलून काढलं आणि म्हणाली, "मम्मी, नानीच्या डब्यावर दोन आकडे आहेत. ८४०च्या पुढे केजे लिहिलंय. खाली २०० आहे, त्याच्यापुढे केकॅल."

केजे म्हणजे किलोज्यूल आणि केकॅल म्हणजे किलोकॅलरी. आम्ही किलोज्यूलचा आकडा किलोकॅलरी समजून वाचला होता. एका मापात ८४० नव्हे, २०० कॅलरी होत्या. अर्ध्या मापात फक्त १००. अम्मीला रोज ४०० मिळायला हव्या होत्या, त्याऐवजी आम्ही १०० देत होतो. आणि ती भूक लागते म्हणाली, की तिला आकडा ऐकवत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच नववीच्या वर्गात 'कार्य आणि ऊर्जा' हा पाठ शिकवायला उभे राहिलो, तेव्हा खडू हातात धरवत नव्हता. एका मुलाने नेमकं विचारलं, "टीचर, ज्यूल आहे तर मग कॅलरी, युनिट, हॉर्सपॉवर हे सगळं कशाला?" दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारतो आणि दरवर्षी आम्ही 'परीक्षेला येतं' म्हणून पुढे जात होतो. या वेळी नीट उत्तर दिलं. तेच इथे देत आहोत.

आमच्या वर्गात एकाच नावाच्या तीन मुली आहेत. नुसतं नाव पुकारलं तर तिघी उभ्या राहतात, आडनाव लावलं की एकच उभी राहते. आकड्याचंही तसंच आहे. नुसतं ८४० म्हणजे काहीच नाही. ८४० किलोज्यूल, ८४० किलोकॅलरी, ८४० युनिट या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकक हे आकड्याचं आडनाव आहे. ते वाचल्याशिवाय आकडा घरात घेऊ नये.

आता ऊर्जेला इतकी आडनावं का पडली, ते पाहू. जुन्या काळी माणसांनी ऊर्जा दोन वेगळ्या दारांतून ओळखली. एक दार मेहनतीचं होतं. ओझं उचलणं, पाणी ओढणं, चक्की फिरवणं. दुसरं दार आगीचं होतं. पाणी तापवणं, धातू वितळवणं, अन्न शिजवणं. या दोन्हींचा आपसात काही संबंध असेल, हे फार काळ कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणून दोन्हींची मापं वेगवेगळी झाली.

मेहनतीच्या घरातलं इंग्रजी माप म्हणजे फूट-पाउंड. एक पाउंड वजन एक फूट उचलायला लागणारं काम, ते एक फूट-पाउंड. अठराव्या शतकात जेम्स वॅट वाफेची इंजिनं विकत होता. त्याची गिऱ्हाइकं तोवर घोड्यांकडून काम करून घेत असत. 'तुमचं इंजिन माझ्या किती घोड्यांची जागा घेईल?' हा त्यांचा साधा प्रश्न. वॅटने घोड्याचं काम मोजून एक आकडा ठरवला. मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड काम म्हणजे एक हॉर्सपॉवर, आपल्या मराठीत अश्वशक्ती. आजच्या मापात ती ७४६ वॅट होते. आजही पाण्याच्या मोटारीवर हाच घोडा बसलेला असतो.

आगीच्या घरातलं माप म्हणजे कॅलरी. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता, ती एक कॅलरी. इंग्रजांचं माप होतं बीटीयू, म्हणजे एक पाउंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवणारी उष्णता. उष्णता हा 'कॅलॉरिक' नावाचा न दिसणारा द्रव आहे आणि तो गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहतो, असं त्या काळी पुष्कळ विद्वान मानत असत.

या दोन घरांमधली भिंत पाडण्यात सर्वांत मोठा वाटा जेम्स प्रेस्कॉट ज्यूल याचा. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमध्ये १८१८ साली तो जन्मला. घरचा धंदा बिअर गाळण्याचा. तो कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हता, प्रयोग स्वतःच्या खर्चाने करायचा. त्याने पाण्याने भरलेल्या तांब्याच्या भांड्यात पाती असलेलं एक चक्र बसवलं. चक्राला दोरी, दोरीच्या टोकाला वजनं. वजनं खाली येत, चक्र फिरे, पाणी घुसळलं जाई आणि घुसळल्याने किंचित कोमट होई. आपण ताक घुसळतो तसाच प्रकार, फक्त सोबत अतिशय बारीक थर्मामीटर. वजनं वर ओढायची, पुन्हा सोडायची, पुन्हा मोजायचं. अशी वर्षंच्या वर्षं मेहनत करून १८५० साली त्याने आकडा छापला. ७७२ फूट-पाउंड काम केलं की एक पाउंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापतं. आजच्या अचूक उपकरणांनी तो आकडा ७७८ येतो. दोरी, वजनं आणि थर्मामीटर एवढ्यावर तो किती जवळ पोहोचला होता, पाहा. पुढे त्याने पुन्हा मोजून काढलेला ७७२.५५ हा आकडा सेल गावातल्या त्याच्या कबरीच्या दगडावर कोरलेला आहे.

त्या आकड्याचा अर्थ असा की मेहनत आणि उष्णता ही एकाच खानदानातली दोन घरं आहेत. नातं सापडलं, म्हणून एकाचं माप दुसऱ्यात बदलता येऊ लागलं. आणि दोघांसाठी जे एकच वैज्ञानिक एकक पुढे ठरलं, त्याला ज्यूलचंच नाव दिलं. एक ज्यूल म्हणजे साधारण शंभर ग्रॅमची वस्तू, समजा एक छोटं सफरचंद, एक मीटर वर उचलायचं काम. एक फूट-पाउंड म्हणजे १.३५६ ज्यूल. एक कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल. एक बीटीयू म्हणजे सुमारे १,०५५ ज्यूल. आमच्या आधीच्या पिढीने शाळेत 'अर्ग' शिकला होता. तो फारच चिमुकला आहे. एक कोटी अर्ग मिळून एक ज्यूल होतो. अणूंचा अभ्यास करणाऱ्यांना तोही मोठा पडतो, म्हणून ते इलेक्ट्रॉनव्होल्ट वापरतात. सोनार रतीमाशात बोलतो आणि धान्यवाला क्विंटलमध्ये, त्यातलाच हा प्रकार. काम जसं, तसं माप.

इथे कॅलरीची एक खोड सांगून ठेवतो. कॅलऱ्या दोन आहेत, थोरली आणि धाकटी. धाकटी म्हणजे पुस्तकातली, एका ग्रॅम पाण्याची. थोरली म्हणजे किलोकॅलरी, एक किलो पाण्याची, धाकटीच्या हजारपट. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि आपण सगळे खाण्याबद्दल बोलताना 'कॅलरी' म्हणतो ती थोरली असते, फक्त 'किलो' बोलायचं राहून जातं. चिठ्ठीत १,४०० कॅलरी लिहिलं, तर ते १,४०० किलोकॅलरी समजायचं.

विजेच्या बिलावरचं 'युनिट' हेही ऊर्जेचंच माप. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास. तासाचे ३,६०० सेकंद आणि सेकंदाला हजार ज्यूल, म्हणून एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल. किलोकॅलरीत सांगायचं तर ८६०.

आता बदल करायचा कसा? मुलांना आम्ही सांगतो, दोनच गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, एकक लहान झालं की आकडा मोठा होतो. दोनशे रुपये म्हणजे वीस हजार पैसे. पैसा लहान, म्हणून आकडा मोठा, रक्कम तीच. किलोज्यूल हा किलोकॅलरीपेक्षा लहान आहे, म्हणून किलोज्यूलचा आकडा चौपटीहून थोडा मोठाच दिसणार. डब्यावर मोठा आकडा दिसला म्हणून त्यात ताकद जास्त असं नाही.

दुसरी गोष्ट, गुणायचं की भागायचं ते पाठ करू नका, एकक कापून पाहा. आठशे चाळीस किलोज्यूल लिहा. त्याला अशा अपूर्णांकाने गुणा की ज्याच्या वर १ किलोकॅलरी आणि खाली ४.१८४ किलोज्यूल आहे. वरचे आणि खालचे किलोज्यूल एकमेकांना कापतात, किलोकॅलरी उरते. उत्तर २००.८. जे एकक हवं तेच उरलं, तर रीत बरोबर. अपूर्णांक उलटा धरला असता, तर किलोज्यूलचा वर्ग उरला असता आणि चूक तिथेच पकडली गेली असती.

हे आपल्याला नवीन नाही. ज़कातीचा हिशेब करताना आपण हेच करतो. सोनाराच्या दुकानात आज तोळा म्हटलं की दहा ग्रॅम समजतात. पण निसाबाच्या साडेसात तोळे सोन्यातला तोळा जुना आहे, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणून निसाब ८७.४८ ग्रॅम होतो, ७५ ग्रॅम नव्हे. नाव एकच, 'तोळा', पण वजनं दोन. तिथे आपण जाणत्याला विचारतो, वही काढतो, दोनदा तपासतो. अम्मीच्या डब्यापाशी मात्र आम्ही वही काढली नाही.

आता थोडे घरगुती हिशेब करू, म्हणजे हे आकडे अंगवळणी पडतील.

मोहल्ल्यातली मशीद घ्या. गच्चीवर वुज़ूच्या पाण्याची टाकी आहे, जमिनीपासून १२ मीटर उंच. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. ते वर चढवायला लागणारं काम म्हणजे वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे १,१७,६०० ज्यूल. किलोकॅलरीत बदला, उत्तर येतं फक्त २८. इफ्तारीला आपण खातो त्या छोट्या खजुरीत साधारण २० किलोकॅलरी असतात. म्हणजे हजार लिटर पाणी चौथ्या मजल्यावर नेण्याचं निव्वळ काम दीड खजुरीत बसतं! मोटार आणि पंप वाटेत बरीच ऊर्जा वाया घालवतात, त्यामुळे मीटर याच्या काही पट जास्त फिरतो, ती गोष्ट वेगळी. पण हेच हजार लिटर पाणी नुसतं एक अंशाने तापवायचं म्हटलं, तर हजार किलोकॅलरी लागतात. उचलणं स्वस्त आणि तापवणं महाग आहे. ज्यूलच्या भांड्यातलं पाणी इतकी वजनं सोडूनही अंशाच्या छोट्याशा भागाने का तापायचं, ते यावरून कळतं. घरात पंख्यापेक्षा गीझरच बिल का वाढवतो, तेही कळतं.

मोटारीवर १ हॉर्सपॉवर लिहिलेलं असेल तर ती तासाला पाऊण युनिट, नेमकं ०.७४६ युनिट, इतकं काम देते. लक्षात ठेवा, ते तिने दिलेलं काम आहे. वीज ती त्याहून जास्त घेते. एसीवरचा 'टन' हेही वजन नव्हे. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता, म्हणजे साडेतीन किलोवॅट. हॉर्सपॉवर, टन आणि वॅट ही वेगाची मापं आहेत, दर सेकंदाला किती ते सांगणारी. युनिट, ज्यूल आणि कॅलरी ही साठ्याची मापं, एकूण किती ते सांगणारी. नळाची धार आणि बादलीतलं पाणी यांत जो फरक आहे, तोच या दोन्हींत.

आता अम्मीचा हिशेब. आम्हाला पूर्वी वाटायचं, बिछान्यावर पडून असलेल्या माणसाला १,४०० कॅलरी कशाला? काम तरी काय असतं? म्हणून हिशेब केला. १,४०० किलोकॅलरी म्हणजे सुमारे ५८ लाख ५८ हजार ज्यूल. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला तर दर सेकंदाला ६८ ज्यूल, म्हणजेच ६८ वॅट. जुन्या पिवळ्या दिव्यांमध्ये ६० वॅटचा दिवा असायचा, तेवढाच थोडा वरचढ. माणूस झोपलेला असतानाही हृदय रक्त ढकलतं, छाती श्वास ओढते, अंग ऊबदार राहतं, आजारातून उठताना झीज भरून निघते. हा दिवा रात्रीसुद्धा मालवत नाही. बिलाच्या भाषेत सांगायचं तर आमच्या अम्मीला दिवसभर चालायला फक्त १.६३ युनिट लागतात.

आणि आम्ही त्यातून रोज ३०० किलोकॅलरी काढून घेतल्या. ६८ वॅटचा दिवा ५३ वॅटवर आणून ठेवला. तीनशे किलोकॅलरी म्हणजे किती? पंधरा लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला लागते तेवढी उष्णता, पंधरा गुणिले वीस बरोबर तीनशे. अम्मीच्या आंघोळीची बादली आम्ही रोज न विसरता तापवत होतो. तेवढीच ऊब तिच्या पोटातून रोज काढून घेत होतो. ०.३५ युनिट, बिलात दिसणारही नाही इतकी वीज. जी कमी पडली ती शरीराने स्वतःच्या मांसातून आणि चरबीतून काढली. म्हणून दीड किलो वजन गेलं.

ज्यांच्या घरी पाणी तापवायचा रॉड आहे, त्यांनी ज्यूलचा प्रयोग घरीच करून पाहावा. पंधरा लिटर पाणी मोजून घ्या. थर्मामीटरने तापमान लिहा. रॉड १,५०० वॅटचा असेल तर वीस अंश वाढायला हिशेबाने १४ मिनिटं लागतात. प्रत्यक्षात थोडा वेळ जास्त लागेल, कारण बादली आणि हवाही तापते. घड्याळ लावून पाहा. मात्र पाण्यात हात किंवा थर्मामीटर घालण्याआधी बटण बंद करून पिन काढलीच पाहिजे, आणि मुलांना हा प्रयोग एकट्याने करू देऊ नका. दर वेळी खरा वेळ हिशेबाच्या जवळपास येतो, हे पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, तो पाठांतराने येत नाही.

वहीत किंवा कपाटाच्या दारावर चिकटवायला एक छोटा कागद देतो:

१ किलोकॅलरी = ४.१८४ किलोज्यूल (घाईत ४.२ धरा)
१ युनिट (किलोवॅट-तास) = ३,६०० किलोज्यूल = ८६० किलोकॅलरी
१ हॉर्सपॉवर = ७४६ वॅट; तासभर चालल्यास ०.७४६ युनिट
१ फूट-पाउंड = १.३५६ ज्यूल
१ बीटीयू = १,०५५ ज्यूल = ७७८ फूट-पाउंड
एसीचा १ टन = तासाला १२,००० बीटीयू = ३.५ किलोवॅट
१ ज्यूल = १ कोटी अर्ग

आणि त्याखाली लाल पेनाने लिहा: 'आडनाव वाचलं का?'

परदेशातून येणारे डबे आपल्या पुष्कळ घरांत असतात. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचा जावई मस्कतला, कुणाची मुलगी ऑस्ट्रेलियात. काही देशांत खाण्याच्या पाकिटांवर किलोज्यूल आधी छापतात, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर किलोज्यूल छापणं सक्तीचंच आहे. तान्ह्या बाळाची पावडर असो, आजारी माणसाची असो की साखरेच्या पेशंटची, किमतीचं स्टिकर आधी सोलून काढा. ऊर्जेच्या ओळीत दोन आकडे असतील तर कोणता कुणाचा ते पाहा. एकच आकडा असेल आणि पुढे केजे असेल, तर ४.२ ने भागा. आणि आहार बदलण्याआधी तो आकडा, त्याच्या एककासह, डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवा. आम्ही एक फोन केला असता, तर सहा आठवडे वाचले असते.

चूक कळली त्याच रात्री आम्ही अम्मीपाशी बसलो आणि सगळं सांगितलं. ८४० काय होते, २०० काय होते, तिला किती मिळायला हवं होतं आणि आम्ही किती दिलं. वाटलं होतं रागावेल. ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मला भूक लागत होती ती खरीच होती तर. मला वाटलं, म्हातारपणात हाव वाढली माझी. तौबा करत होते मी."

वाचकहो, या वाक्याचं कुठलंही एकक आमच्याकडे नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिला दोन पूर्ण मापं सुरू झाली, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आहारतज्ज्ञ बाईंना विचारून. अल्हम्दुलिल्लाह, पुढच्या तीन महिन्यांत गेलेलं वजन भरून निघालं. आता ती जिना उतरून शेजारच्या खालाकडे जाऊन येते. मधूनच नातीला विचारते, "तुझी मम्मी शाळेत हेच शिकवते ना? मग पोरं पास कशी होतात?" आणि दोघी हसत सुटतात. आम्हीही हसतो, पण डब्याकडे एकदा नजर जातेच.

आता वर्गात आम्ही एक नियम केला आहे. उत्तरात आकडा बरोबर असला आणि एकक नसलं, तर गुण अर्धे. मुलं कुरकुरतात. एकाच्या वडिलांनी येऊन विचारलं, "टीचर, एवढ्याशा शब्दासाठी इतके गुण कापता?" आम्ही त्यांना अम्मीची गोष्ट सांगितली. त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच घरी विचारलं, "आपल्या बाळाच्या डब्यावर काय लिहिलंय, वाच बरं. आकड्याच्या पुढचं पण वाच."

या महिन्याचा गृहपाठ सर्वांना. घरातल्या पाच वस्तू घ्या, दिवा, मोटार, एसी, बिस्किटाचा पुडा आणि विजेचं बिल. प्रत्येकावरचा आकडा त्याच्या आडनावासकट लिहा आणि सगळे किलोज्यूलमध्ये बदला. जिथे वेगाचं माप असेल, तिथे रोज किती वेळ चालतं तेही धरा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस 'भूक लागते' म्हणालं, तर वहीतला हिशेब नंतर दाखवा. आधी त्यांच्या पुढ्यात ताट ठेवा.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, पुन्हा भेटू. खुदा हाफिज़.